कोल्हापूरचं बिऱ्हाड अंदमानला नेताना

बदलीची ऑर्डर ३ फेब्रुवारी २०२५ ला हातात पडली. ठिकाण लिहिलं होतं श्री विजयपुरम. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये बदललं हे पेपरात वाचलं होतं, तरी पहिल्या वाचनात मला ते आंध्रातलं एखादं गाव वाटलं. घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी "म्हणजे सावरकरांना ठेवलेलं तिथंच ना?" एवढंच विचारलं. नवऱ्याचं काम घरून चालतं. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून अंदमानात नेट बरं चालतं, त्यामुळे त्याच्या नोकरीचा प्रश्न नव्हता. मुलगी सातवीत जाणार होती आणि केंद्रीय विद्यालयातून केंद्रीय विद्यालयात जाणं त्यातल्या त्यात सोपं असतं. उरला प्रश्न सामानाचा. टू बीएचके घर, बारा वर्षांचा संसार आणि मध्ये बंगालचा उपसागर.

माहिती काढायला लागलो तेव्हा दोन टोकांचे सल्ले मिळाले. एक गट म्हणाला, काही नेऊ नका, तिथे सगळं मिळतं. दुसरा म्हणाला, सुईसुद्धा घेऊन जा, तिथे काही मिळत नाही. इथे राहून आता सांगते, मिळतं सगळं. पण जे मिळतं तेही जहाजानेच आलेलं असतं, त्यामुळे भाडं एकदा दुकानदार भरतो आणि मग तुम्ही भरता. त्यामुळे "तिथे मिळतं का?" हे विचारून उपयोग नाही. वस्तू किती जागा खाते आणि नवी घेतली तर केवढ्याला पडेल, एवढंच विचारायचं.

केंद्र सरकारी नोकरीतल्यांसाठी आधी हक्काचं सांगून टाकते. बदलीवर जे एकरकमी अनुदान मिळतं ते एरवी मूळ वेतनाच्या ८० टक्के असतं. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपला जाताना किंवा तिथून येताना ते १०० टक्के असतं. सामान नेण्याचा खर्च वेगळा. वेतनाच्या लेव्हल ६ ते ११ मधल्या कर्मचाऱ्याला ६,००० किलोपर्यंत किंवा एक सिंगल कंटेनर, शिवाय एक गाडी. आमचं सामान या मर्यादेच्या आसपासही जाणार नव्हतं, पण पैसे आधी आपल्या खिशातून जातात आणि परत यायला महिने लागतात. अ‍ॅडव्हान्स मिळतो, तो मागून घ्या. मी अर्ज केला आणि निघायच्या आधी रक्कम खात्यात आली.

फेब्रुवारीचा दुसरा आणि तिसरा आठवडा कोटेशन गोळा करण्यात गेला. आमच्या कार्यालयाने तीन कोटेशन मागितली होती, पण ती नसती मागितली तरी मी घेतली असती. कोल्हापुरातला एक पॅकर्सवाला, पुण्यातला एक आणि थेट चेन्नईतला एक एजंट. कोल्हापूरचा माणूस घरी आला, खोल्यांमधून एक चक्कर मारली आणि म्हणाला, "काय काळजी करू नका ताई, पोचतंय बघा सगळं." पुढे विचारलं तेव्हा कळलं की तो सामान चेन्नईपर्यंत नेणार, तिथे दुसऱ्याच्या गोडाऊनला देणार, तो तिसऱ्याच्या कंटेनरमध्ये घालणार आणि पोर्ट ब्लेअरला चौथा माणूस ते घरी आणून देणार. यात वावगं काही नाही, सगळ्यांचं असंच चालतं. फक्त चारांपैकी कुणाच्या पावतीवर आपलं नाव असणार आणि मध्ये काही झालं तर फोन कुणी उचलायचा, हे आधी विचारून घ्यायचं. चेन्नईच्या एजंटचं स्वतःचं गोडाऊन होतं आणि पोर्ट ब्लेअरलाही त्याची माणसं होती. त्याचा दर थोडा जास्त होता, तरी काम त्यालाच दिलं. कोल्हापुरातलं पॅकिंग आणि ट्रकही त्यानेच लावला.

आता दराची गंमत. ट्रकने घर हलवलेल्या आपल्या डोक्यात वजन पक्कं बसलेलं असतं. पुस्तकं जड, भांडी जड, ती द्या रद्दीला आणि भंगारात. जहाजाचं भाडं असं चालत नाही. घनमीटर किंवा टन, यातलं जे जास्त भरेल त्यावर ते लागतं, आणि घरसामान नेहमी घनमीटरमध्येच जास्त भरतं, कारण सोफ्यात, टेबलाखाली, कपाटात हवाच फार असते. आमचं सगळं मिळून वजन दोन टनांच्या आत होतं आणि आकारमान १२ घनमीटर. म्हणजे भाडं १२ चं. त्यात आणखी शंभर किलो जड वस्तू कोपऱ्यात बसवल्या असत्या तर त्या जवळजवळ फुकट गेल्या असत्या.

हे कळल्यावर मी टेप घेऊन घरभर फिरले. लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजायची, गुणायची आणि ३५.३ ने भागायचं, की घनमीटर मिळतात. आमचा दर घरापासून घरापर्यंत घनमीटरला ९,५०० रुपये होता. तीन जणांचा सोफा मोजला, साडेसहा फूट गुणिले तीन गुणिले तीन. दीड घनमीटरच्या वर, म्हणजे साडेपंधरा हजारांच्या पुढे भाडं. विकायला काढला तर त्याचे सहा हजार कुणी देईना. तो मावशीकडे गेला. त्याउलट आईचा पाटा-वरवंटा, जो सगळ्यांनी एकमुखाने "हा तर नकोच" म्हणून बाजूला काढला होता, त्याचं भाडं निघालं शंभर-सव्वाशे रुपये. पुस्तकांचे आठ खोके सव्वातीन हजारांत बसले. लोखंडी कपाट पाऊण घनमीटरच्या वर जातं, पण आतून रिकामं नेलं तरच ते महाग. आम्ही त्यात गाद्यांच्या खोळी, चादरी आणि हिवाळी कपडे कोंबले. (हिवाळी कपड्यांचं इथे काय काम, असं नवऱ्याने विचारलं होतं. सुट्टीला कोल्हापूरला जायचं असतं की नाही?) प्लायवूडचा डबल बेड आणि ड्रेसिंग टेबल विकलं. दमट हवेत प्लायवूड फुगतं असं अंदमानात राहून आलेल्या एका सहकाऱ्याने सांगितलं होतं. सागवानी टेबल मात्र पाय काढून घेतलं.

अख्खा २० फुटी कंटेनर घ्यायचा की इतरांच्या सामानाबरोबर आपलं सामान टाकायचं, हा दुसरा निर्णय. २० फुटी कंटेनरमध्ये कागदावर ३३ घनमीटर मावतात, घरसामान रचताना प्रत्यक्षात २५-२८ च्या पुढे जाता येत नाही. आम्हाला अख्ख्या कंटेनरचा दर मिळाला १ लाख ९० हजार. म्हणजे सामान २० घनमीटरच्या पुढे असतं तर कंटेनरच परवडला असता. १२ घनमीटरला आमचे १ लाख १४ हजार होत होते, म्हणून वाटून घेतलेला कंटेनर घेतला. तोटा असा, की इतरांचं सामान येऊन कंटेनर भरेपर्यंत आपलं सामान गोडाऊनमध्ये थांबतं. एजंटने तो काळ "आठ-दहा दिवस" असा सांगितला. प्रत्यक्षात किती लागले ते पुढे येईलच. एकट्याचा कंटेनर घेतला असता तर पैसे जास्त गेले असते, पण थांबणं बरंच वाचलं असतं. लहान बाळ किंवा आजारी माणूस घरात असेल तर मी कंटेनरच घ्यायला सांगेन.

मार्च कागदांत गेला. एजंटने मागितलेली कागदपत्रं अशी: बदलीच्या ऑर्डरची प्रत, आधार, प्रत्येक वस्तूची किंमत लावलेली यादी आणि "हे आमचं वापरलेलं घरगुती सामान आहे, विक्रीसाठी नाही" असं सहीचं पत्र. वापरलेल्या घरसामानाला जीएसटीचं ई-वे बिल (माल रस्त्याने नेताना लागणारा ऑनलाइन कागद) लागत नाही, पण रस्त्यात कुणी विचारलं तर ड्रायव्हरच्या हातात हे पत्र असलेलं बरं. कस्टम वगैरे काही नाही, हे लिहायचं कारण, निदान पाच नातेवाइकांनी मला "ड्युटी किती लागते?" असं विचारलं. गॅसचं कनेक्शन सिलिंडर-रेग्युलेटर जमा करून बंद केलं, डिपॉझिट परत घेतलं. आमचं कनेक्शन ज्या कंपनीचं होतं तिची एजन्सी इथे नव्हती, इथे इंडेनचं नवीन घेतलं. जुन्या कनेक्शनच्या समर्पणाचा कागद जपून ठेवा, नवीन कनेक्शनच्या वेळी तो मागतात.

स्कूटरसाठी आरटीओची ना-हरकत लागते. परिवहनच्या साइटवर फॉर्म २८ भरायचा, आरसी, विमा, पीयूसी जोडायचं. अर्ज करायच्या आधी गाडीवर एखादं ई-चलान बाकी आहे का ते बघा. आमच्या स्कूटरवर दोन वर्षांपूर्वीचं, हेल्मेट नसल्याचं एक निघालं. ते कुणाच्या नावावर टाकायचं यावर घरात थोडी चर्चा झाली. पैसे भरल्यावर आठवड्याभरात ना-हरकत मिळाली. जहाजावर चढवताना टाकीत पेट्रोल नको आणि बॅटरीची वायर काढलेली हवी. स्कूटरचे १४,००० वेगळे लागले.

विम्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे सगळ्यात जास्त घोळ असतो. तिन्ही कोटेशनमध्ये "इन्शुरन्स ३ टक्के" अशी ओळ होती. ती खरी पॉलिसी असेलच असं नाही. बऱ्याचदा ती मालवाहतूकदाराने स्वतःच घेतलेली जोखीम असते, आणि नुकसान झालं तर तोच ठरवणार किती द्यायचं. साधा प्रश्न विचारायचा: विमा कंपनीचं नाव काय आणि माझ्या नावाने सर्टिफिकेट मिळेल का? दोन ठिकाणी उत्तर टोलवाटोलवीचं आलं. शेवटी मी एका सरकारी विमा कंपनीच्या कार्यालयात जाऊन समुद्रवाहतुकीची पॉलिसी काढली. ४ लाखांच्या सामानाला साडेतीन हजारांच्या आसपास हप्ता बसला. किंमत आजची लावायची. सहा वर्षांपूर्वी २८ हजारांना घेतलेल्या फ्रिजचे २८ हजार लिहिले तर दाव्याच्या वेळी तेच अंगाशी येतं.

तिथल्या साहेबांनी "जनरल अ‍ॅव्हरेज" नावाचा प्रकार समजावला. वादळात जहाज वाचवण्यासाठी कप्तानाने काही माल समुद्रात टाकला, तर त्याचं नुकसान ज्यांचा माल वाचला त्या सगळ्यांनी मिळून भरायचं. आपले खोके सुखरूप असले तरी आपला वाटा भरल्याशिवाय ते मिळत नाहीत. पॉलिसी असेल तर तो वाटा कंपनी भरते. किती जुना कायदा असेल हा! मी दुपारभर तेच डोक्यात घोळवत होते, की आपल्या पाट्या-वरवंट्यासाठी कुणा अनोळखी माणसाची मोटारसायकल समुद्रात जाऊ शकते.

पॅकिंग २० मार्चला आणि लोडिंग २१ ला झालं. चार मुलं सकाळी नऊला आली आणि तासाभरात घराचा चेहरा गेला. त्यांच्यावर लक्ष ठेवायचं ते यादीसाठी. त्यांची सवय "किचन आयटम, १ बॉक्स" असं लिहायची. मग त्यातला मिक्सर फुटला तर सिद्ध कसं करणार? मुलीला वही देऊन बसवलं. प्रत्येक खोक्याला नंबर, आत काय ते वहीत, झाकण लावण्याआधी मोबाइलवर एक फोटो. नंबर तीन बाजूंना मार्करने लिहायचा, कारण रचल्यावर नेमकी लिहिलेली बाजू भिंतीकडे जाते. वही मराठीत आणि खोक्यांवर फक्त नंबर, त्यामुळे आत काय आहे ते चेन्नईत कुणाला कळायचं कारण नाही.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून पूर्ण कोरडा केला आणि दार पूर्ण मिटू नये म्हणून फटीत कापड ठेवून पट्टी लावली. ओल राहिली तर महिनाभराने आत बुरशीचं जंगल मिळतं. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनला मागे चार बोल्ट लागतात, ड्रम हलू नये म्हणून. मशीन बसवताना मेकॅनिक ते काढून देतो आणि आपण ते कुठेतरी ठेवतो. आमचे देवघराच्या खणात, जुन्या किल्ल्यांबरोबर सापडले. नसतील तर सर्व्हिस सेंटरकडून मागवा, पण त्याशिवाय मशीन जहाजावर चढवू नका. प्रत्येक खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. कंटेनरमध्ये दिवसा ऊन आणि रात्री गार हवा लागून छताला आतून पाणी सुटतं आणि ते खाली टपकतं. म्हणून कापडी सामान पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवण्याआधी जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायला लावलं. इन्व्हर्टरची बॅटरी, रंगाचे डबे, परफ्युम, तेलाचे कॅन यातलं काही घेत नाहीत. धान्य आणि मसालेही नको म्हणतात, उंदीर येतात म्हणून.

कांदा-लसूण चटणी मात्र सोबत विमानाने आली. सासूबाईंनी वर्षाची करून दिली होती. तीन पदरी पिशव्या, वर डबा, डब्याभोवती टेप. चेक-इनच्या सामानात मसाला चालतो. माणशी १५ किलोची मर्यादा असते, तिघांच्या ४५ किलोत आम्ही चटणी, कुकर, एक कढई, तवा, तीन ताटं-वाट्या, दोन चादरी, मुलीची शाळेची पुस्तकं आणि नवऱ्याचा लॅपटॉप-राउटर एवढं बसवलं. पुढे महिनाभर याच्यावरच संसार चालला, त्यामुळे ही बॅग भरताना विचार करा. सामान येईपर्यंत "काहीतरी करू" हे तीन दिवस चालतं.

३० मार्चचा पाडवा रिकाम्या घरात झाला. गुढीची काठी ट्रकबरोबर जाऊ दिली नव्हती, तेवढं बरं केलं. ३ एप्रिलला निघालो, रात्रीच्या बसने बंगळूर, तिथून विमान. ४ ला पोचून दुपारी कामावर रुजू झाले. सरकारी क्वार्टरची यादी लांब होती, म्हणून गाराचर्मा भागात भाड्याचं घर घेतलं. घरमालकीणबाई तमिळ, शेजारी बंगाली, समोर तेलुगू आणि सगळ्यांची मधली भाषा हिंदी. पहिल्याच संध्याकाळी मालकीणबाईंनी दोन चटया आणि एक पंखा आणून दिला. इथल्या लोकांना मेनलँडवरून येणाऱ्यांचं सामान उशिरा येतं हे पाठ असतं.

ट्रक २५ मार्चलाच चेन्नईला पोचला होता. कोल्हापूर ते चेन्नई साडेनऊशे किलोमीटर आणि चेन्नई ते पोर्ट ब्लेअर समुद्रमार्गे बाराशेच्या आत. नकाशावर समुद्रच मोठा दिसतो, पण वेळ गेला तो जमिनीवर. पहिल्या फोनवर एजंट म्हणाला, "मॅडम, कंटेनर दोन दिवसांत भरेल." मग कुणाचंतरी सामान यायचं राहिलं. मग १४ एप्रिलला तमिळ नववर्ष, १८ ला गुड फ्रायडे. मी रोज फोन करायचे तेव्हा रोज तेच उत्तर मिळायचं. मग दर दोन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी विचारायला लागले: कंटेनर नंबर काय, सील नंबर काय, जहाज कोणतं. लेखी प्रश्नाला उत्तर देताना माणूस जरा जपून लिहितो. १६ ला सामान कंटेनरमध्ये चढलं आणि सीलचा फोटो आला. हा फोटो मागून घ्याच. १९ ला जहाज निघालं.

जहाजाचं नाव कळल्यावर नवऱ्याला नवा उद्योग मिळाला. जहाजांची जागा दाखवणाऱ्या साइटवर तो दर तासाला बघायचा. मीटिंग चालू असताना मध्येच बाहेर येऊन "आता अर्ध्यात आलं" सांगायचा. चौथ्या दिवशी जहाज पोर्ट ब्लेअरच्या बाहेर येऊन उभं राहिलं आणि उभंच राहिलं. धक्क्याला जागा नव्हती. आमच्या ऑफिसच्या रस्त्यावर एका वळणाला समुद्र दिसतो, तिथून ते डोळ्यांना दिसत होतं आणि आम्ही चटईवर झोपत होतो. त्या दोन-तीन दिवसांत माझी चिडचिड सगळ्यात जास्त झाली. मुलीने मात्र शाळेत मैत्रिणींना बोट दाखवून "त्यात आमचा फ्रिज आहे" असं सांगून टाकलं होतं.

२६ ला जहाज हॅडोच्या धक्क्याला लागलं. तरी सामान घरी यायला २ मे उजाडला. कंटेनर उतरतो, यार्डात जातो, उघडतो, मग एजंटची माणसं ज्याचं त्याचं सामान वेगळं करतात आणि क्रमाने पोचवतात. यार्डात माल जास्त दिवस पडला तर डेमरेज, म्हणजे जागा अडवल्याचं भाडं, लागतं. वाटून घेतलेल्या कंटेनरमध्ये ते एजंटने भरायचं, हे आम्ही सुरुवातीच्या ईमेलमध्येच लिहून घेतलं होतं.

त्या दिवशी ट्रक दुपारी साडेतीनला आला. इथे मेच्या सुरुवातीला साडेपाचला सूर्य मावळतो, हे चेन्नईत बसून गाडी सोडणाऱ्याच्या लक्षात येत नाही. त्यात आमची गल्ली चढाची, मोठा ट्रक खालच्या रस्त्यावरच थांबला. छोटा टेम्पो आणि दोन जादा हमाल बोलवावे लागले, त्याचे अडीच हजार. घर ठरवताना गल्लीचा एक व्हिडिओ काढून एजंटला आधी पाठवा आणि गाडी सकाळीच यायला सांगा. बॅटरीच्या उजेडात मुलगी वहीतले नंबर वाचत होती आणि हमाल "सत्ताईस, अट्ठाईस" असं ओरडून सांगत होते. आख्खी गल्ली गोळा झाली होती. पाटा-वरवंटा आला तेव्हा शेजारच्या बंगाली काकूंनी तो हात लावून बघितला आणि कोणत्या दगडाचा आहे ते विचारलं. त्यांच्याकडेही तसाच आहे.

सही करण्याआधी पावतीवर शेरा लिहायचा. कितीही अंधार झाला, कितीही घाई केली तरी. आमच्या कपाटाचा आरसा तडकला होता, दोन काचेच्या बरण्या फुटल्या होत्या आणि १९ नंबरचा खोका एका कोपऱ्यातून भिजला होता. हे तिन्ही मी पावतीवर लिहिलं, फोटो काढले, दुसऱ्या दिवशी विमा कंपनीला ईमेल केला. नुकसान तपासणारा त्यांचा सर्व्हेअर आठवड्याने आला. बरण्या वगळून आरशाचे आणि भिजलेल्या पुस्तकांचे मिळून सव्वाचार हजार मंजूर झाले. पुस्तकांना प्लास्टिक लावलेलं नव्हतं, ते फक्त कापडांना लावलं होतं. परत जाताना दोन्हींना लावीन.

फ्रिज उभा करून चार-पाच तासांनी सुरू केला. वॉशिंग मशीनचे बोल्ट काढून पुन्हा देवघराच्या खणात ठेवले. इथे व्होल्टेज वरखाली होतं, म्हणून फ्रिजला स्टॅबिलायझर लावला. २०२५ मध्ये मान्सून निकोबार आणि दक्षिण अंदमान समुद्रात १३ मेलाच आला, म्हणजे सामान थोडं जरी रेंगाळलं असतं तर भर पावसात उतरवावं लागलं असतं. हाताशी पर्याय असेल तर सामान मार्चच्या सुरुवातीलाच सोडा. मे अखेर आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ टाळता आला तर टाळा, बंगालच्या उपसागरात तेव्हा वादळं होतात आणि जहाजाचं वेळापत्रक कुणाच्याच हातात राहत नाही. पावसाळा लागल्यावर चामड्याचे पट्टे आणि पर्स आठवड्यात हिरव्या होतात. कपाटात आम्ही कमी वॉटचा बल्ब लावून ठेवलाय, इथे बरेच जण तसं करतात.

एकूण खर्च असा झाला. सामानाचे १,१४,००० आणि स्कूटरचे १४,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १,५१,०४०. विमा आणि हमाली धरली तर १ लाख ५७ हजारांच्या आसपास. बदलीचं बिल ६० दिवसांच्या आत द्यायचं असतं. मी १९ मेला दिलं. जूनमध्ये ते एक शंका घेऊन परत आलं. ऑर्डरवर श्री विजयपुरम आहे, जहाजाच्या पावतीवर पोर्ट ब्लेअर आहे, दोन्ही ठिकाणं एकच असल्याचा खुलासा करावा. मी ज्या इमारतीत बसून तो खुलासा लिहिला तिच्या पाटीवरही दोन्ही नावं आहेत. तुम्ही पावती, विमा, यादी सगळीकडे सुरुवातीलाच दोन्ही नावं लिहून घ्या. पैसे जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात जमा झाले, विम्याचा हप्ता आणि हमालीचे अडीच हजार सोडून. हमालीची पावती नव्हती. स्कूटरचा नंबर अजून एमएच-०९ च आहे. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवा घ्यावा लागतो, त्याची फाइल पुढच्या महिन्यात करायची आहे.